भीती एकीकडे, चटका दुसरीकडे

मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू केला की पाच पावलं मागे सरकणारी माणसं अजून बरीच आहेत. बटण दाबायचं, दार नीट लागलंय ना ते दोनदा पाहायचं आणि 'टिंग' होईपर्यंत स्वयंपाकघराबाहेर थांबायचं. आत मात्र हॉटेलातून आलेली ग्रेव्ही ज्या पातळ प्लास्टिकच्या डब्यातून आली त्याच डब्यात तापत असते. डबा वाकडा होऊन बाहेर येतो. 'जरा जास्तच वेळ लावला वाटतं' एवढं म्हणून ती ग्रेव्ही पोरांच्या ताटात जाते आणि किरणांपासून वाचल्याचं समाधान घेऊन सगळे जेवायला बसतात.

या यंत्राबद्दलची आपली भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे, असं माझं म्हणणं आहे. भीती बाळगूच नये असं मी म्हणत नाही. बाळगण्यासारखं बरंच आहे, पण ते सगळं वाटी, झाकण, चमचा, फ्रिज आणि घड्याळ यांच्याशी जोडलेलं आहे. किरणांना भिण्यात एक सोय असते. लांब उभं राहिलं की आपलं काम संपतं. वाटी बदलायची तर रोज बदलावी लागते.

हे यंत्र कशासाठी घरात येतं ते एका गावावरून पाहू. मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलच्या पुढे आणि कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण आहे. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथे जन्मले, म्हणून गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. आता या पट्ट्यातल्या गावांचं घड्याळ पनवेल, कळंबोली, तळोजा, पाताळगंगा इथल्या कामाच्या पाळ्यांवर चालतं. कुणी पहाटे निघतो, कुणी मध्यरात्री परततो, पोरगी कॉलेजातून चारला येते. घरातली चार माणसं चार वेळेला जेवतात. अशा घरात मायक्रोवेव्ह केक करायला येत नाही. उशिरा आलेल्या माणसासाठी झोपेतून उठून पुन्हा गॅस पेटवण्याचं काम तो कुणाच्या तरी अंगावरून काढून घेतो, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत एकच असतं. म्हणून 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणून या यंत्राला नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांच्या वेळीही अन्न दोनदा गरम होतच होतं, फक्त त्यासाठी उठणारं माणूस त्यांना दिसत नव्हतं.

आधी किरणांचं काय ते उरकून घेऊ. ओव्हनच्या आत मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी असते. ती २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर. रेडिओ, मोबाइल, वाय-फाय यांच्याच कुळातल्या त्या आहेत. क्ष-किरणांसारखी रेणू मोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. पाण्याचे रेणू त्या गदागदा हलवतात, त्या घुसळणीतून उष्णता तयार होते आणि अन्न तापतं. यंत्र बंद झालं की लहरी संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. अन्नात काही 'उतरून' बसत नाही. दाराच्या काचेमागची जाळी आपल्याला आतलं दिसू देते, पण तिची भोकं जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असतात. बारा सेंटीमीटरची लहर त्यातून निसटत नाही.

गळती किती चालेल याचीही मर्यादा ठरलेली आहे. ओव्हनपासून ५ सेंटीमीटरवर, चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉट. घरगुती मायक्रोवेव्हसाठी आपल्याकडे आयएस ३०२ या मानकाचा स्वतंत्र विभाग आहे, तोही आंतरराष्ट्रीय मानकावरच बेतलेला. शिवाय अंतर वाढलं की लहरींचा जोर झपाट्याने उतरतो. तेव्हा ज्याला किरणांचीच काळजी आहे त्याने पाच पावलं मागे जाण्याऐवजी ओलं फडकं घेऊन पुढे यावं आणि दाराची कड पुसावी. गळती होतेच तर तिथून. बिजागरी वाकलेली, खिट्टी तुटलेली, कडेवर महिन्यांची ग्रेव्ही वाळून बसलेली आणि त्यामुळे दार पूर्ण टेकत नाही, असा ओव्हन खरंच वापरू नये. गंमत अशी की किरणांना सर्वांत जास्त भिणाऱ्या घरातही ही कड पुसलेली नसते.

व्हॉट्सॲपवर एक निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे: रशियाने १९७६ साली मायक्रोवेव्हवर बंदी घातली म्हणे. अशा बंदीचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. उलट पुढे सोव्हिएत कारखान्यांतच हे ओव्हन तयार होत होते. अपरिचित गोष्टीच्या भीतीला असा परदेशी दाखला लागतो. परिचित गोष्टीला कुठलाच लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्या चुलीपुढे डोळे चोळत बसल्या त्या चुलीबद्दल कुणी असा निरोप पाठवला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या स्वयंपाकाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. चुलीच्या भाकरीची चव निराळी असते हे मला मान्य आहे. तिची किंमत कुणी मोजली हेही लक्षात असावं.

या लहरींशी आपली ओळख तशी जुनी आहे. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशाच आखूड लहरी मधल्या अडथळ्यांतून पलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती, बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी रडारसाठी ताकदवान मॅग्नेट्रॉन बनवला. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातली चॉकलेटची वडी त्या मॅग्नेट्रॉनजवळ वितळली आणि त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोंचा होता. स्पेन्सरच्या सुरुवातीच्या खेळांमध्ये मक्याच्या लाह्या फुटल्या आणि अंडं जवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं, अशी हकीगत सांगतात. अंड्याशी या यंत्राचं वैर जन्मापासूनचं आहे.

तेच अंडं पोपटीत मात्र फुटत नाही. का फुटत नाही ते समजून घेतलं की मायक्रोवेव्हचा खरा धोका कुठे आहे हे कळतं.

रायगडात थंडी पडून वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागते. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मसाला चोळलेलं चिकन, बटाटे, आणि मध्येच अख्खी अंडी, कवचासकट. वरून पुन्हा पाला दाबून तोंड गच्च बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा एक थेंबही घातलेला नसतो. शेंगांचं आणि पाल्याचं पाणी वाफ होऊन सगळं शिजवतं. झालं की नाही ते ओळखायला तापल्या मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात आणि 'चर्र' कसं होतं ते ऐकतात. घड्याळ कुणी पाहत नाही.

मायक्रोवेव्हही अन्नाला त्याच्याच पाण्यात शिजवतो. फरक वेगाचा आहे. मडक्यातलं अंडं बाहेरून आत, सावकाश तापतं. भोवती वाफ आहे, वाफेचा पारा शंभर अंशांच्या आसपासच राहतो आणि अंड्यात वाढणारी हवा कवचाच्या बारीक छिद्रांतून निघून जायला वेळ मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये लहरी कवच ओलांडून थेट आतल्या पाण्यावर येतात. आत दाब वाढतो, बाहेर पडायला ना वेळ असतो ना वाट. कधी ते ओव्हनमध्येच फुटतं. कधी सोललेलं, उकडलेलं, पुन्हा गरम केलेलं अंडं शांतपणे ताटात येतं आणि दात लावताक्षणी तोंडात फुटतं. दुसरा प्रकार जास्त वाईट. म्हणून अंडं कवचासकट कधीच नको. उकडलेलं गरम करायचंच तर चिरून. बटाटा, वांगं, टोमॅटो, कलेजी, ज्याला ज्याला साल किंवा पापुद्रा आहे त्याला आधी सुरीने टोचायचं. घट्ट झाकणाचा डबा हेही एक अंडंच समजावं. झाकण ठेवायचं, पण एका बाजूने उचललेलं, आणि काढताना आपल्या तोंडापासून पलीकडच्या बाजूने. गरम भांड्याचा चटका हाताला बसतो, वाफेचा चेहऱ्याला.

चुलीवर काय, गॅसवर काय, पदार्थ आपल्याशी बोलत असतो. दूध वर येताना दिसतं, फोडणी तडतडते, भात लागायला लागला की वास येतो, कुकर तर शिट्ट्याच मारतो. कुकर घराघरांत नवा आला तेव्हा त्यालाही बायका घाबरत होत्या. शिट्ट्या मोजायला शिकल्या आणि भीती गेली. मायक्रोवेव्हने ही सगळी बोली बंद केली. तो एकसुरी गुणगुणतो आणि ठरलेल्या सेकंदांनी 'टिंग' करतो. ती 'टिंग' अन्न झाल्याची नसते, वेळ संपल्याची असते. आपण मात्र ती कुकरच्या शिट्टीसारखी ऐकतो. माझ्या मते या यंत्राशी आपला सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

यावर लगेच म्हणणारे असतात की लहरी आतून बाहेर शिजवतात, मग आत कच्चं कसं राहील? हा समज जगभर आहे आणि जगभर चुकीचा आहे. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटीमीटर शिरतात. त्यापुढचा मधला भाग नेहमीसारखाच, बाहेरची उष्णता आत झिरपून तापतो. त्यात भर म्हणजे ओव्हनच्या पोकळीत लहरी भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात आणि काही ठिकाणी जोर वाढतो, काही ठिकाणी जवळजवळ शून्य होतो. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर उडदाचा पापड आत ठेवा. एका ठिकाणी छान पांढरा फुलतो, दोन बोटांवर तसाच कच्चा पिवळट राहतो, पुढे पुन्हा फुलतो, आणि एखाद्या जागी करपून भोक पडतं. फिरती थाळी काढून तो स्थिर ठेवला तर हे चट्टे आणखी ठळक होतात आणि त्यांच्यात लहरीच्या निम्म्याइतकं, म्हणजे सहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर सापडतं. पापडावर जे दिसतं तेच कोंबडीच्या रश्शातही होत असतं, फक्त दिसत नाही. वरून वाफा येतात, कडेला रटरटतं आणि मधोमध एक कोमट बेट राहतं. जंतूंना तेवढं बेट पुरतं.

पुन्हा गरम केलेलं अन्न सगळीकडे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत जावं, असं अन्नसुरक्षेची मंडळी सांगतात. घरात थर्मामीटर घेऊन कोण बसणार? पण आपल्या स्वयंपाकघरात याचं उत्तर आधीपासून आहे. 'एक दणदणीत वाफ येऊ दे' आणि 'झाकण ठेवून जरा मुरू दे' ही दोन वाक्यं मायक्रोवेव्हच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा कमी नाहीत. निम्म्या वेळाला थांबवायचं, तळापासून ढवळायचं, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला करायचं, मग उरलेला वेळ. 'टिंग' झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे गरम भागाची उष्णता गार भागात पोचते. ही दोन मिनिटं स्वयंपाकाचाच भाग आहेत. भुकेल्या माणसाला ती पटत नाहीत, हे मला माहीत आहे.

गोठलेल्या मासळीत तर हा वाकडेपणा उघडाच पडतो. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, पाणी भरपूर शोषतं. म्हणजे सुरमईच्या तुकडीचा एखादा कोपरा आधी वितळला की सगळा जोर तिथेच जातो. कोपरा शिजतो, मधला भाग दगड. तो अर्धवट शिजलेला, अर्धवट गोठलेला तुकडा 'संध्याकाळी बघू' म्हणून ओट्यावर राहिला तर पोट बिघडायची चोख व्यवस्था झाली. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवणं हा जुनाच उपाय बरा. ओव्हनमध्येच सोडवायची तर कमी ताकदीवर, मधून मधून उलटत, आणि लगेच तव्यावर.

बाळाच्या दुधाबद्दल एकच सांगतो. बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतल्या दुधात एखादा धारदार गरम पट्टा असतो. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करायला असा किती वेळ लागतो?

पाण्याचंही तेच. पातेल्यात तळ तापतो, बुडबुडे उठतात, पाणी उकळल्याचं कळतं. गुळगुळीत काचेच्या कपात मायक्रोवेव्हने तापवलेलं साधं पाणी शंभर अंश ओलांडूनही निवांत दिसू शकतं, कारण बुडबुडा धरायला खरखरीत जागाच नसते. त्यात कॉफीची भुकटी किंवा चमचा पडला की सगळं एकदम उसळून हातावर येतं. आधीच लाकडी चमचा कपात ठेवावा, बाहेर काढण्यापूर्वी थोडं थांबावं. मायक्रोवेव्हमध्ये चहा करणाऱ्यांबद्दल माझं मत निराळं आहे, त्याचा सुरक्षिततेशी संबंध नाही.

आता भांड्याकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त खटकतं ते इथे. मराठी स्वयंपाकघर स्टीलचं आहे. डबे स्टीलचे, वाट्या स्टीलच्या, लग्नात नाव कोरून आलेली पातेली स्टीलची. धातू लहरी परतवतो, त्यामुळे स्टीलच्या डब्यात अन्न नीट तापतच नाही आणि जिथे पातळ कड किंवा टोक असेल तिथे ठिणग्या उडतात. ॲल्युमिनियमची फॉइल, सोनेरी काठाचा कप, विसरलेला काटाचमचा, सगळ्यांची तीच गत. मग या नव्या यंत्रासाठी घरात काय आलं? प्लास्टिक. जो डबा तीन पिढ्या टिकतो, ज्यातून अन्नात काही उतरत नाही, तो मागे गेला आणि हॉटेलच्या पार्सलचे धुऊन ठेवलेले डबे पुढे आले. किरणांना भिणाऱ्या माणसांनी हा बदल डोळ्याची पापणी न हलवता स्वीकारला.

तुमच्या घरातला असा एखादा जुना डबा उजेडात धरून पाहा. ज्या उंचीपर्यंत रश्शाची तर्री होती तिथे एक केशरी रेघ दिसेल, कितीही घासली तरी न जाणारी. त्यावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागेल. पाणी शंभर अंशांवर वाफ होऊन जातं. तेल त्याहून बरंच वर तापतं, आणि तर्री तरंगते ती नेमकी कडेला, डब्याला चिकटून. त्या रेघेवरचं प्लास्टिक वितळलेलं आहे. ते कुठे गेलं हे सांगायला शास्त्रज्ञ नको. तरीही शास्त्रज्ञांनी मोजलं: अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात २०२३ साली बाळांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे आणि पाऊच तपासले, तेव्हा काही डब्यांतून तीन मिनिटांच्या तापवण्यात चौरस सेंटीमीटरमागे चाळीस लाखांपर्यंत सूक्ष्म आणि दोन अब्जांपर्यंत अतिसूक्ष्म कण सुटलेले सापडले. हे कण शरीरात नेमकं काय करतात याचा निकाल लागायचा आहे. निकाल लागेपर्यंत पोरांना ते भरवत राहायचं कारण मात्र मला दिसत नाही.

'पण यावर मायक्रोवेव्ह सेफ लिहिलंय' हा नेहमीचा बचाव. त्या शब्दांचा अर्थ मुख्यतः इतकाच की सांगितल्याप्रमाणे वापरलं तर भांडं वितळणार नाही, तडकणार नाही. तळाच्या त्रिकोणात ५ आकडा असलेलं पॉलिप्रोपिलीन त्यातल्या त्यात उष्णता सोसतं. १ आणि ६ आकड्यांचे डबे तर आत जाऊच नयेत. मेलामाइनच्या रंगीत प्लेटी, ज्या आपल्याकडे घरोघर आहेत, त्या चिनी मातीसारख्या दिसतात म्हणून फसवतात. त्या स्वतःच तापतात आणि त्यांच्यातून फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. भजी-वडे बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद आत घालू नये, कारण एक तर तो पेट घेऊ शकतो आणि दुसरं म्हणजे छपाईची शाई. अन्न वर्तमानपत्रात बांधायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाईच आहे.

उपाय स्वस्त आहे. उष्णता सोसणाऱ्या काचेचे दोन वाडगे, किंवा सोनेरी काठ नसलेले चिनी मातीचे, आणि वर झाकायला एक बशी. अन्न फ्रिजमध्ये स्टीलच्याच डब्यात राहू दे. गरम करण्यापूर्वी लागेल तेवढं वाडग्यात काढायचं, म्हणजे सगळा डबा रोज तापत-गार होत बसत नाही. गरम काच ओल्या ओट्यावर टेकवायची नाही, तडकते. यात एक भांडं जास्त घासावं लागतं, हे खरं. ते कोण घासणार, हा प्रश्न ज्याच्यासाठी गरम केलं त्याने स्वतःला विचारावा.

भाताचा विषय सगळ्यांत अवघड, कारण तो सवयीचा आहे. रायगड म्हणजे भाताचा जिल्हा. दोन्ही वेळा भात, आणि रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून सकाळी फोडणीला. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असतात. भात शिजताना जंतू मरतात, बीजं मरत नाहीत. भात कोमट असताना, विशेषतः आपल्या दमट हवेत, ती रुजतात आणि वाढताना एक विष तयार करतात. ते विष १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. मग फोडणीने जाणार कसं, आणि मायक्रोवेव्हच्या दोन मिनिटांनी तरी कसं? 'गरम केलं की सगळं मरतं' हे आपलं घरोघरचं वाक्य इथे साफ खोटं पडतं. जंतू मरतील, त्यांनी मागे ठेवलेलं विष जाणार नाही. सकाळी उलट्या झाल्या की नाव मायक्रोवेव्हचं होतं, 'त्यात गरम केलेलं बाधलं'. बाधलं ते ओव्हनमधल्या दोन मिनिटांत नव्हे, ओट्यावरच्या आठ तासांत.

फोडणीचा भात सोडा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरावा. पातळ थर लवकर निवतो. मग दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरातच. ऊन भाताचं अख्खं पातेलं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला गोळा कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणजे ओट्यावर ठेवल्यासारखंच. एकदा गरम केलेला पुन्हा ठेवायचा नाही. आणि पावसाळ्यात वीज चार तासांहून जास्त गेली असेल, तर फ्रिजमध्ये होतं या भरवशावर मटण-मासळी खाऊ नये. घरातली आजी 'शिळं नको' म्हणते तेव्हा तिला जंतूचं नाव माहीत नसतं, पण हिशेब बरोबर असतो. फक्त फ्रिजमधलं आणि ओट्यावरचं, दोन्ही तिच्या लेखी एकाच अर्थाने शिळं असतं, तिथे तिच्याशी वाद घालायला हरकत नाही.

तांदळाच्या भाकरीला मात्र मायक्रोवेव्ह मानवत नाही हे कबूल केलं पाहिजे. अर्धं मिनिट ठेवली तर मऊ वाटते, ताटात येईपर्यंत चामडं होते. त्यातलं पाणी भराभर निघून जातं. ओलसर सुती कापडात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद, आणि लगेच खायची. नाहीतर तवा आहेच.

विजेचं थोडक्यात. बाराशे-चौदाशे वॉट ओढणारं यंत्र मोबाइलच्या चार्जरशेजारी एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नये. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि खरोखरचं अर्थिंग लागतं, तारेचा तिसरा पाय नुसता भिंतीत गेलेला असणं म्हणजे अर्थिंग नव्हे. आत काहीच नसताना ओव्हन चालवू नये, लहरी परत मॅग्नेट्रॉनवरच जातात. आणि बंद पडला तर घरातल्या हुशार पोराने तो उघडू नये. आतला कपॅसिटर हजारो व्होल्टचं काम करतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. किरणांनी कुणाला काही केलं असेल-नसेल, हा कपॅसिटर जीव घेऊ शकतो, आणि पाच पावलं मागे सरकणारा माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यालाच हात घालायला जातो.

राहता राहिली जागा. ओटा लहान, म्हणून कितीतरी घरांत ओव्हन फ्रिजच्या डोक्यावर जातो. तिथून रटरटतं वरण काढणारी बाई चवड्यांवर उभी राहून, वाडगा चेहऱ्यापेक्षा उंच धरून, आत काय हिंदकळतंय ते न दिसता तो खाली घेते. चारला कॉलेजातून आलेली पोरगी, दहा वर्षांचा भाऊ, हात थरथरणारे आजोबा, सगळे तेच करतात. भांडं छातीच्या खालीच बाहेर यायला हवं आणि शेजारी ते टेकवायला रिकामी जागा हवी. पनवेलच्या दुकानात आपण किती लिटरचा, ग्रिल आहे का, केक होतो का हे विचारतो. निघण्यापूर्वी घरच्या ओट्याची लांबी-रुंदी मोजून नेली, मागे हवा खेळायला सोडायची बोटभर जागाही धरली, तर एखादा लहान ओव्हन खालीच मावतो. नसेल मावत, तर भिंतीला कंबरेच्या उंचीवर पक्की फळी ठोकायला सुतार ओव्हनच्या आधी बोलवावा.